एक नग धुलाई यंत्र

खरेदी विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला दुकानात जाऊन एखादी वस्तू विकत आणता येत नाही, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. तक्तेसाहेबांच्या बायकोला तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही खरं वाटत नव्हतं. तक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. काहीही घ्यायचं म्हटलं की ते आधी पट्टी घेऊन आडव्या-उभ्या रेघा मारायचे आणि तुलनात्मक तक्ता तयार करायचे, म्हणून कचेरीने हे नाव ठेवलं आणि ते हळूहळू घरापर्यंत आलं. कचेरीसाठी त्यांनी चारशे खुर्च्या, साठ कपाटं आणि स्वतःलाही आठवणार नाहीत इतके पंखे घेतले होते, आणि एकाही खरेदीवर आजवर आक्षेप निघाला नव्हता. घरासाठी त्यांनी एकट्याने निवडलेली शेवटची वस्तू म्हणजे एक इस्त्री. तिचं हँडल बुडापेक्षा आधी तापायचं. तेव्हापासून घरातल्या सगळ्याच खरेद्या विचाराधीन होत्या. कपडे धुण्याचं मशीन सात वर्षं विचाराधीन होतं.

ते आणखी सात वर्षं तसंच राहिलं असतं. पण बायकोचं मनगट दुखायला लागलं.

बायको कॉलेजात असताना टेबल टेनिसची चॅम्पियन होती. मधली पंचवीस वर्षं बॅट कपाटावर होती. दोन वर्षांपूर्वी तिने ती खाली काढली, धूळ पुसली आणि क्रीडा संकुलात जायला लागली. या वर्षी तिने पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांच्या स्पर्धेत नावही दिलं होतं. अर्ज भरून आली त्या दिवशी ती जिन्यात दोन-दोन पायऱ्या चढताना तक्तेसाहेबांनी स्वतः पाहिली होती. आणि आता हे मनगट.

डॉक्टरांनी मनगट इकडे-तिकडे वळवून पाहिलं आणि विचारलं, "कपडे कोण धुतं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं.

"खेळून नाही दुखत हा हात," डॉक्टर म्हणाले, "पिळून दुखतोय. सहा आठवडे पिळणं बंद. तीन आठवड्यांनी सराव सुरू करा, सहाव्या आठवड्यात खेळा. पिळणं थांबलं नाही, तर स्पर्धा बघायला जा."

बाहेर आल्यावर बायको बराच वेळ काही बोलली नाही. ती गप्प राहिली की तक्तेसाहेबांना काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं, आणि त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू झाल्या आहेत. "आठ दिवसांत मशीन आणतो," ते म्हणाले.

बायको फुटपाथवरच थांबली. "आठ दिवसांत? तुम्ही?"

"फार तर दहा. तोवर कपडे मी धुईन." हे दुसरं वाक्य पहिल्याच्या भरात निघून गेलं. ते परत घेण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली गेली. वर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला: धुलाई यंत्र, एक नग, खरेदी करणेबाबत. तीन दुकानांना पत्रं गेली की आपली दरपत्रकं सीलबंद लिफाफ्यात शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत सादर करावीत. पहिल्या दुकानाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने एक रंगीत जाहिरात लिफाफ्यात घालून पाठवली, पण लिफाफा चिकटवलेला नव्हता, त्यामुळे तो तांत्रिकदृष्ट्या बाद झाला. तिसऱ्या दुकानातून एका बाईंचा फोन आला. "साहेब, किंमत मशीनवरच चिकटवलेली असते. येऊन बघा ना." त्यांना लिफाफ्याचं महत्त्व समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाल्या, "बरं, मग कधी येताय?" फेरनिविदा काढणं भाग पडलं. पहिले आठ दिवस असे गेले.

मधल्या रविवारी समितीची बैठक झाली. समिती नेमल्याशिवाय खरेदी म्हणजे नुसती उधळपट्टी, असं तक्तेसाहेबांचं मत होतं. तज्ज्ञ सदस्य म्हणून वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले, अनुभवी सदस्य म्हणून समोरच्या वहिनी, आणि बाधित पक्ष म्हणून खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांची झोप इतकी हलकी होती की वर कुणी पान उलटलं तरी त्यांना जाग यायची, असं ते स्वतःच सांगत.

"मशीन नंतर," इंजिनिअर म्हणाले, "आधी पाण्याचा दाब. नळाखाली दहा लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा." सगळी समिती बाथरूमच्या दारात उभी राहिली. बादली भरायला चार मिनिटं दहा सेकंद लागले. "एवढ्यात माझी आंघोळ होते," इंजिनिअर म्हणाले. "काही मशीनं कमी दाबावर चालतात, काही पाण्याची वाट बघून बंद पडतात. पत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लोक ते सोडून रंग बघतात."

"माझ्या मशीनला सोळा प्रोग्रॅम आहेत," वहिनी म्हणाल्या. "नऊ वर्षांत मी एकच लावलाय. उरलेले पंधरा कसले आहेत ते तुम्हाला कळलं, तर मलाही सांगा."

काकांचा एकच मुद्दा होता. त्यांच्या बहिणीच्या घरचं मशीन कपडे पिळता पिळता चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं होतं. तक्तेसाहेबांनी तक्त्यात नवा रकाना आखला: स्थलांतराची शक्यता. एव्हाना रकाने सतरा झाले होते. बायको खिडकीपाशी मनगटाला पट्टा बांधून स्पर्धेचे नियम वाचत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ती समितीत नव्हती.

इकडे कपडे काही समितीच्या निर्णयासाठी थांबत नव्हते. पहिल्या दिवशी तक्तेसाहेबांनी साबणाची पावडर अंदाजाने घातली आणि फेस मोरीतून निघून पॅसेजमध्ये आला. शर्ट नऊ वेळा खळबळले तरी दहाव्या पाण्यालाही फेस होता. वाळत घालताना पँट उलटी टांगली. समोरच्या गॅलरीतून वहिनींनी हाक मारून सांगितलं, "साहेब, कमरेकडून धरा. पायाकडून धरली की पाणी खिशात साठतं." हे अख्ख्या चौकाला ऐकू गेलं. ज्या माणसाच्या सहीशिवाय कचेरीत टाचणी येत नाही, त्याला पँट कुठून धरायची हे जाहीरपणे शिकवलं जावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण पाणी खरोखरच खिशात साठलं होतं.

चादरीने मात्र कळस केला. चादर एकट्याने पिळता येत नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो, आणि त्या माणसाला डॉक्टरांनी मनाई केली होती. तक्तेसाहेबांनी डोकं लढवून चादरीचं एक टोक नळाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाने पीळ द्यायला सुरुवात केली. सहाव्या पिळाला नळ हातात आला. पाण्याचा फवारा छताला लागला. बायको धावत आली आणि डाव्या हाताने मुख्य कॉक बंद केला. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

प्लंबर आला. त्याने नळाकडे पाहिलं, नळाला बांधलेल्या चादरीकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, नळ पाण्यासाठी असतो." मग त्याने जुन्या नळातून चिमूटभर खडे आणि गंज काढून हातावर दाखवला. "हे बघा काय बसलं होतं आत." नवा नळ बसल्यावर दहा लिटरची बादली पावणेदोन मिनिटांत भरली. तक्त्यातला पाण्याच्या दाबाचा रकाना खोडून पुन्हा लिहावा लागला. इंजिनिअर दोन दिवस जिन्यात भेटले तरी बोलले नाहीत, कारण त्यांनी गच्चीवर वेगळी टाकी बसवण्याचा आराखडा काढून ठेवला होता.

पुढचा प्रश्न होता क्षमतेचा. कोणतं मशीन किती किलोचं, ते पत्रकात दिलेलं होतं. पण घरातले कपडे किती किलो, हे जगातल्या कुठल्याही पत्रकात नव्हतं. ते मोजणं तक्तेसाहेबांना भाग होतं. कपडे बादलीतून काढलेले, ओलेचिंब होते. मशीनमध्ये कपडे ओलेच असणार, तेव्हा वजनही ओल्याचंच करायला हवं, हे इतकं उघड होतं की त्यावर त्यांनी विचारच केला नाही. कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून ते वजनकाट्यावर उभे राहिले, मग नुसते उभे राहिले, आणि वजाबाकी केली. चादरींसकट एकोणीस किलो भरले. अंगावरचा शर्ट भिजला तो वेगळा.

तक्ता घेऊन ते तिसऱ्या दुकानात गेले. फोनवरच्या त्या बाई चष्मा दोरीने गळ्यात अडकवणाऱ्या, शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी तक्ता वाचला. पूर्ण वाचला, हे तक्तेसाहेबांना आवडलं. मग त्यांनी विचारलं, "वसतिगृह आहे का तुमचं?"

"नाही. आम्ही दोघंच."

"मग एकोणीस किलो कसले?"

खुलासा ऐकल्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. "साहेब, किलो कोरड्याचे असतात. हे पाण्याचं वजन आणलंत तुम्ही." आजूबाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी लगेच फ्रीजकडे बघायला सुरुवात केली, यावरून त्यांनी सगळं ऐकलं हे कळलं. घरी येऊन तक्तेसाहेबांनी कोरडे कपडे तोलले. साडेपाच किलो भरले. हे काम करताना त्यांनी दार आतून लावून घेतलं होतं.

यानंतर सोसायटीच्या सेक्रेटरींनी डोकं वर काढलं. मशीनचं पाणी सोडायला नवा पाइप लागणार, नव्या पाइपला परवानगी लागणार, आणि परवानगीच्या अर्जात मशीनचा मॉडेल नंबर लागणार. "पण मॉडेल ठरायचंय अजून," तक्तेसाहेब म्हणाले. "परवानगी मिळाली की ठरवतो."

"मॉडेल ठरलं की परवानगी देतो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. त्या क्षणी तक्तेसाहेबांनी समोरच्या माणसाला मनातून दाद दिली. एवढं गोल काम त्यांनाही सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं. पण घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे इतकी वर्षं दुसऱ्यांना करत आलो. ते जरा वाईट वाटून घेत जिना चढले.

चार आठवडे उलटले. बायकोचा सराव सुरू झाला होता. संध्याकाळी ती लाल चेहऱ्याने घरी यायची आणि जेवताना बॅकहँडबद्दल बोलायची. तक्तेसाहेबांना बॅकहँड कळत नव्हता, पण ती बोलत होती हे बरं वाटत होतं. तिने मशीनबद्दल विचारायचं सोडून दिलं होतं. तेच त्यांना सलत होतं. तिने भांडण काढलं असतं तर त्यांनी फाईल पुढे केली असती. ती नुसती बॅट पुसत बसायची आणि मध्येच उजवं मनगट डाव्या हाताने चाचपून बघायची, एखाद्या दिवशी ते पुन्हा दगा देईल की काय, अशा भीतीने. हे त्यांनी तीनदा पाहिलं होतं. आपण एवढंही करू शकलो नाही, असं त्यांना पहिल्यांदाच अगदी स्पष्टपणे वाटलं.

कचेरीत डबा खाताना त्यांनी फाईल लेखापरीक्षकांसमोर ठेवली. हे गृहस्थ कागदातल्या चुकांशिवाय दुसरं काही खात नसावेत, असं सगळे म्हणत. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून उलटली. समितीचं इतिवृत्त, फेरनिविदा, नळाच्या दुरुस्तीची नोंद, ओलं वजन, कोरडं वजन, सतरा रकान्यांचा तक्ता. मग पुन्हा मागे जाऊन पहिलं पान पाहिलं.

"मागणीपत्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

तक्तेसाहेबांचा घास हातातच राहिला.

"वस्तू वापरणाऱ्या विभागाचं मागणीपत्र. काय हवंय, कशासाठी हवंय, खाली सही. त्याच्याशिवाय तुम्ही चारशे खुर्च्या कधी घेतल्या होत्या का?"

घेतल्या नव्हत्या. एकही खुर्ची घेतली नव्हती. सव्वीस वर्षांत जी चूक शिकाऊ कारकुनाने केली नाही, ती त्यांनी स्वतःच्या घरात केली होती. वस्तू जो वापरणार, त्यालाच विचारलं नव्हतं. त्यांनी डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी त्यांनी बायकोसमोर कोरा कागद ठेवला आणि वर पेन ठेवलं. "तुला कसलं मशीन हवंय ते लिही. मी आधीच विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

बायकोने कागदाकडे पाहिलं. मग कागद उचलून त्यांच्याकडे सरकवला. "मी कशाला लिहू? पाच आठवडे होत आले, कपडे तुम्ही धुताय. वापरणारा विभाग तुम्ही."

"अगं, पण तुला..."

"मला काय आठवतंय आता? सांगा ना, काय त्रास होतो तुम्हाला?"

हा प्रश्न त्यांना कचेरीत किंवा घरात कुणी कधी विचारला नव्हता. ते बोलायला लागले. बादली उचलताना पाठ धरते, तेव्हा वाकावं लागू नये, मशीनचं तोंड वर हवं. कपडे भिजत घातले की पाच मिनिटांनी हमखास एक मोजा कपाटाखाली सापडतो, तेव्हा मध्येच झाकण उघडून टाकता आला पाहिजे. कॉलर आधी हातानेच घासावी लागते, ते कुठलंही मशीन करणार नाही, त्याबद्दल तक्रार नाही. चादर दर आठवड्याला असते आणि जागा फार खाते, म्हणून साडेपाचला साडेपाच घेऊन चालणार नाही, थोडी जागा वर हवी, सात किलो पुरे. बटणं तीन असली तरी चालतील, पण चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. आणि बिघडलं तर दुरुस्तीला माणूस याच गावातून यावा.

बायको पेन हातात घेऊन लिहीत होती. कधी लिहायला लागली ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. अक्षर सुरेख येत होतं. "करा सही," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो कागदांवर सह्या केल्या होत्या, पण मागणाऱ्याच्या जागी ही पहिलीच. त्यांनी खाली तारीखही घातली.

दुकानातल्या बाईंनी मागणीपत्र वाचलं. तक्ता मागितलाच नाही. सरळ आत गेल्या आणि एका पांढऱ्या मशीनवर हात ठेवला. "हे. झाकण वर, सात किलो, बटणं मोठी. आमचा मेकॅनिक तुमच्या मागच्याच गल्लीत राहतो."

"याला सोसायटीची परवानगी..."

"कसली परवानगी? पाइप तुमच्याच मोरीत सोडा. नवीन काही जोडायचंच नाही."

तक्तेसाहेबांनी मशीनभोवती एक फेरी मारली. फाईल बगलेत होती. कचेरीत वस्तू कधी एक माणूस निवडत नाही, फाईल निवडते. खाली सात सह्या असतात आणि चुकलं तर चूक सात ठिकाणी वाटली जाते. इथे सगळी चूक एकट्याची झाली असती. इस्त्री आठवली. मग त्यांना मनगट चाचपणारी बायको आठवली आणि ते म्हणाले, "हेच द्या." आपला आवाज त्यांना थोडा परका वाटला. सगळ्याला पंधरा मिनिटं लागली.

मशीन रविवारी सकाळी दहाला आणून देतो, असं दुकानाने सांगितलं. स्पर्धा रविवारी सकाळी दहालाच होती. "तुम्ही थांबा घरी," बायको म्हणाली. "बसवताना कोणीतरी हवं ना." ती पिशवी घेऊन निघून गेली. तक्तेसाहेब दारात खुर्ची टाकून बसले. स्वीकृतीच्या वेळी खरेदी अधिकाऱ्याने हजर राहून नग तपासायचा असतो, ओरखडे बघायचे असतात, अनुक्रमांक जुळवायचा असतो. त्यांनी असा एकही ट्रक चुकवला नव्हता. दहा वाजले, सव्वादहा झाले. साडेदहाला ते उठले, घराची किल्ली खालच्या काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मशीन येईल. उतरवून घ्या. सही तुम्हीच करा."

"तपासायचं काय?" काका घाबरून म्हणाले.

"काही नाही," असं म्हणत तक्तेसाहेब जिना उतरले. नेहमीसारख्या पायऱ्या त्यांनी मोजल्या नाहीत, त्यामुळे शेवटच्या पायरीला थोडे धडपडले.

हॉलमध्ये ते पोचले तेव्हा उपान्त्य सामना चालू होता. बायकोच्या समोर एक उंच, चपळ बाई होती. दोघींचा एक-एक गेम झालेला होता. तक्तेसाहेबांना नियम माहीत नव्हते, तरी दोन मिनिटांत त्यांच्या हाताला घाम फुटला. बायको जोरात मारत होती. चेंडू तिच्या डावीकडे यायचा, तिचं मनगट झर्रकन वळायचं आणि चेंडू भलत्याच कोपऱ्यात जाऊन पडायचा. बहुधा तोच बॅकहँड. एकदा चेंडू टेबलाच्या कडेला लागून गेला आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तक्तेसाहेब टाळी वाजवायचंही विसरले. ते फक्त तिच्या हाताकडे बघत होते. शेवटचा गेम तिने दोन गुणांनी जिंकला.

ती घामाने निथळत त्यांच्याकडे आली. फायनलला अजून अर्धा तास होता. "तुम्ही कसे आलात? मशीन?"

"येईल. दुखतंय का?"

ती बाटलीतून पाणी प्यायली, तिने चेहरा पुसला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा प्रश्न तिला खरोखरच कळला नव्हता.

"काय दुखतंय?" तिने विचारलं.

तक्तेसाहेबांनी तिच्या हातातली बॅट घेतली आणि तिला जरा वेळ बसायला जागा करून दिली.